मोटारसायकलमधील विद्युत बिघाड: आधी मोजावे, मग बदलावे

सुट्या भागांच्या बहुतेक दुकानांत काउंटरच्या मागे एक पाटी हमखास दिसते: ‘इलेक्ट्रिकल सामान परत घेतले जाणार नाही.’ दुकानदाराने ती उगाच लावलेली नसते. गाडीत विजेची तक्रार निघाली की आधी बॅटरी, मग आरआर युनिट (चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), मग सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) असे एकेक नवे सामान अंदाजाने बसवून पाहणारी आणि काम न झाल्यास ते परत करायला येणारी गिऱ्हाइके त्याने वर्षानुवर्षे पाहिलेली असतात. तीन-चार हजार रुपये असे खर्च झाल्यावर दोष सापडतो तो सीटखालच्या एखाद्या हिरवट पडलेल्या कप्लरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा चेसिसला नीट न आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये. पुढे दिलेली पद्धत हा खर्च टाळण्यासाठी आहे. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेट्रोल मोटारसायकलींना लागू पडते, मग ती कार्ब्युरेटरची जुनी गाडी असो किंवा १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ मानकांची इंधन-इंजेक्शन असलेली गाडी असो. तिच्यासाठी पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॉटचा एक ब्रेकलाइटचा बल्ब आणि थोडा धीर एवढेच लागते.

किल्ली फिरवल्यावरचे पहिले तीन सेकंद

तपासणीची सुरुवात हत्यारांनी करू नये. गाडी सावलीत उभी करावी, किल्ली चालू करावी आणि सेल्फ न मारता तीन सेकंद हँडलसमोरच्या मीटरकडे फक्त पाहावे व ऐकावे. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत या क्षणी टाकीतला पंप दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा आवाज करून थांबतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागून विझतो किंवा काही गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत तेवत राहतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा मात्र लागलेलाच राहतो आणि गाडी साधारण ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाने पुढे गेल्यावरच विझतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटलेला असावा.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. किल्ली चालू करताच इंजिनाचा दिवा क्षणभरही लागला नाही, तर ते शुभलक्षण नव्हे. ती दिव्याची स्वतःची चाचणी असते, आणि तो लागत नसेल तर एक तर दिवा गेलेला आहे किंवा ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) वीजच पोहोचत नाही. अशा वेळी पंपाचा आवाजही आला नाही, तर ईसीयूचा फ्यूज, त्याचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) हे तीन पहिले संशयित ठरतात. किल स्विचचे नाव वाचून हसू येईल, परंतु पार्किंगमध्ये कोणा पोराने बोट लावलेला किल स्विच घेऊन गाडी टेम्पोत घालून आणणारे लोक आहेत.

दिव्यांच्या रंगांचा अर्थ सरळ आहे. लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबणे. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ असा विचारही करू नये, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. पिवळा दिवा म्हणजे जपून चालवून लवकर तपासणे. हिरवा आणि निळा हे केवळ माहिती देतात. पान्ह्याचे चिन्ह बहुधा सर्व्हिसची आठवण असते, बिघाड नसतो.

दोन-तीन असंबद्ध दिवे एकदम लागले, किंवा सेल्फ मारताच मीटरची सुई पुन्हा एकदा फिरून आली आणि घड्याळ १२ वर गेले, तर वेगवेगळे सेन्सर शोधत बसू नये. एकाच वेळी चार भाग बिघडण्यापेक्षा चौघांना पुरवठा करणारी एकच गोष्ट बिघडणे अधिक संभवते. ती म्हणजे बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा मुख्य अर्थिंग.

बॅटरी: चार आकडे

तक्रार कोणतीही असो, मोजमाप बॅटरीपासून सुरू करावे, कारण बॅटरी उतरलेली असताना पुढचे सगळे आकडे फसवे निघतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या जागेवर ठेवावा, लाल काडी धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावावी. काडी टर्मिनलच्या स्क्रूवर न टेकवता बॅटरीच्या मूळ शिशाच्या टोकावर टेकवावी. मग तीच काडी केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवून दुसरा आकडा घ्यावा. सेल्फ मारताना या दोन आकड्यांत फरक पडला, तर दोष बॅटरीत नसून त्या सांध्यात आहे.

पहिला आकडा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते आणि सीलबंद प्रकारच्या बॅटऱ्या त्याहून किंचित जास्तही दाखवतात. १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी उतरलेली असते आणि १२ च्या खाली ती रिकामीच समजावी. दुसरा आकडा सेल्फ दाबलेला असताना घ्यावा, तो ९.५ ते १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. विश्रांतीत १२.६ दाखवणारी आणि सेल्फ दाबताच ७ वर कोसळणारी बॅटरी आतून संपलेली असते. तिच्यात व्होल्ट असतात पण ताकद नसते, आणि केवळ पहिला आकडा पाहून ‘बॅटरी ठीक आहे’ असा निर्वाळा देणारे इथेच फसतात.

तिसरा आणि चौथा आकडा चार्जिंगचे. इंजिन सुरू करून आयडलला मोजल्यास १३ च्या वर आणि रेस देऊन मिनिटाला ४,००० ते ५,००० फेऱ्यांवर नेल्यास १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा स्थिर राहायला हवा. रेस देऊनही तो १२.५ वरच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या पुढे जात असेल तर अतिरिक्त चार्जिंग होत आहे: बॅटरी फुगते, उग्र वास येतो आणि बल्ब वारंवार उडतात. महिन्यातून दोन बल्ब जाणाऱ्या माणसाने बल्बच्या कंपनीला नावे ठेवण्याआधी हा आकडा पाहावा.

नव्या बॅटरीबद्दल थोडे विषयांतर आवश्यक आहे. कोरडी येणारी बॅटरी दुकानात ॲसिड भरून लगेच गाडीला जोडून देण्याची पद्धत सर्रास आहे. तशी बॅटरी गाडी सुरू करते, परंतु ॲसिड भरल्यावर काही वेळ थांबून, क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, ती पहिल्यांदा पूर्ण भरून घेतली नाही तर तिचे आयुष्य सुरुवातीलाच घटते. दुकानदाराला एक दिवस मागण्यात संकोच करू नये.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पान्हा चेसिसला लागून ठिणगी उडत नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येते का’ पाहण्याची जुनी सवय इंजेक्शनच्या गाडीत कटाक्षाने टाळावी. बॅटरी नसताना वाढणारा व्होल्टेज ईसीयूला मारू शकतो, आणि ईसीयूची किंमत विचारल्यावर तो प्रयोग पुन्हा करण्याची इच्छा होत नाही.

सेल्फ लागत नाही तेव्हा

येथे कानांचा उपयोग मीटरपेक्षा जास्त होतो. बटण दाबल्यावर ‘टरर्र’ असा जलद टकटकाट आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ येऊन पुढे काहीच झाले नाही, तर रिले ओढला जातो आहे पण मोटरपर्यंत करंट जात नाही. रिलेची आतली टोके जळालेली असतील, जाड केबल सैल असेल किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील. काहीच आवाज आला नाही, तर दोष जाड केबलमध्ये नसून बटणापासून रिलेपर्यंतच्या बारीक वायरींच्या साखळीत आहे.

ही साखळी समजून घेतली तर निम्मा शोध सोपा होतो. किल स्विच, क्लचच्या लिव्हरखालचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच यांनी परवानगी दिल्याशिवाय बहुतेक नव्या गाड्यांत रिले ओढलाच जात नाही. न्यूट्रलचा दिवा लागलेला असताना सेल्फ लागत नाही पण क्लच दाबल्यावर लागतो, किंवा त्याच्या उलट घडते, यावरून दोषी स्विच मीटर न लावताही ओळखता येतो. गाडी सुरू होते, न्यूट्रलमध्ये चालू राहते आणि पहिला गिअर टाकताच बंद पडते, हे साइड स्टँडच्या स्विचचे पाठ्यपुस्तकातले लक्षण आहे. तो स्विच चिखलाच्या सर्वांत जवळ असतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दोन पावसाळे काढलेल्या गाडीत तो अडकणे यात नवल नाही. पुष्कळदा पाण्याने धुऊन, सुकवून आणि आठ-दहा वेळा वर-खाली करून तो पुन्हा काम करू लागतो.

गाडी पडल्यानंतर सुरूच होत नसेल, तर आधी गाडी सरळ उभी करून किल्ली बंद करावी, काही सेकंद थांबून पुन्हा चालू करावी. इंजेक्शनच्या गाड्यांत तिरपेपणा ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो आणि किल्ली बंद-चालू झाल्याशिवाय तो अडथळा उठत नाही.

रिलेची दोन जाड टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून सेल्फ फिरवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते. ठिणगी जिथे उडते तिथून पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते आणि गाडी गिअरमध्ये असल्यास ती पुढे उडी घेते, एवढे लक्षात ठेवून मग काय ते ठरवावे.

बजर खोटे बोलतो

मल्टिमीटरमधला बजर सगळ्यांचा लाडका असतो: वायरीच्या दोन टोकांना काड्या लावल्या, ‘पीं’ वाजले, वायर चांगली. हा निष्कर्ष घाईचा आहे. बजर तपासताना मीटर अगदी क्षीण करंट सोडतो आणि कित्येक मीटर ३० ते ५० ओहम अडथळा असला तरी वाजत राहतात. सोळा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरही बजरला पुरते. हेडलाइटला मात्र पुरत नाही.

हिशोब करून पाहिल्यास हे स्पष्ट होते. ३५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर ओढतो. वाटेतल्या एका कप्लरला गंज चढून त्यात फक्त १ ओहम अडथळा निर्माण झाला, तर बल्बपर्यंत पोहोचण्याआधीच दोन व्होल्टांहून अधिक दाब तिथे खर्ची पडतो. बल्ब पिवळट होतो आणि त्या कप्लरमध्ये पाच वॉटच्या आसपास उष्णता सतत तयार होत राहते. प्लास्टिक तपकिरी पडणे, वितळणे हे त्यातूनच येते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत कायम चालू असतो, त्यामुळे हा भार आता रात्रीपुरता उरलेला नाही.

म्हणून वायर मोजायची ती भार चालू ठेवून. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, हेडलाइट चालू करावा, एक काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी बल्बच्या धन पिनेला मागच्या बाजूने टेकवावी. मीटर जो आकडा दाखवेल तो वाटेत हरवलेला दाब होय. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग ऋण बाजूला तसेच करावे: एक काडी बल्बच्या ऋण पिनेला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. आकडा मोठा आला तर दुसरी काडी वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर सरकवत जावे. ज्या सांध्याच्या अलीकडे आकडा लहान आणि पलीकडे मोठा, तो सांधा दोषी. सेल्फ दाबून धरताना हीच चाचणी इंजिनाच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत करावी. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगचा बोल्ट काढून, रंग आणि गंज कानशीने खरवडून, उघड्या धातूवर पुन्हा आवळावा. अनेक ‘खराब’ बॅटऱ्या या एका बोल्टने बऱ्या झालेल्या आहेत.

या चाचणीचे महत्त्व मला माझ्या स्वतःच्या जुन्या दीडशे सीसीच्या गाडीने शिकवले. ती सरळ रस्त्यावर उत्तम चालत असे आणि डावीकडे यू-टर्न घेताना अधूनमधून बंद पडत असे. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग बदलला, नंतर बॅटरीही बदलली; तक्रार तशीच राहिली. शेवटी किल्ली चालू ठेवून, मीटरची काडी इग्निशन स्विचच्या पुढच्या वायरीवर लावून मी हँडल सावकाश फिरवले. सरळ असताना १२.३, उजवीकडे १२.३, आणि डावीकडे शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात आकडा ४ ते ९ च्या दरम्यान नाचू लागला. हँडलच्या मानेशी वायरिंगचे काळे आवरण उघडले तेव्हा वरचे इन्सुलेशन शाबूत होते. बोटाने चाचपल्यावर एका जागी वायर मेणासारखी मऊ लागली. ते सोलल्यावर आत काळ्या पडलेल्या दोन तारा उरलेल्या दिसल्या, बाकी साऱ्या तुटलेल्या. बजर त्या वायरीवर छान वाजत होता.

हँडलची मान, सीटखालचा मागचा वळसा आणि टाकीच्या खालचा भाग या तीन ठिकाणी वायर सर्वांत जास्त वाकते किंवा घासते. अधूनमधून येणारा दोष शोधताना गाडी चालू ठेवून हे भाग हाताने हलवत जावे. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बहुधा टाकीखालीच सापडतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

फ्यूजच्या रंगावरून त्याची क्षमता कळते: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी बसवणे म्हणजे आग लागण्यासाठी वायरिंगला पुढे करणे होय.

शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूजमागून फ्यूज जाळण्याची गरज नाही. सुरुवातीला सांगितलेला २१ वॉटचा बल्ब येथे कामी येतो. फ्यूज काढून त्याच्या दोन पिनांच्या जागी बल्बच्या दोन वायरी जोडाव्यात आणि किल्ली चालू करावी. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे वायर जळत नाही. आता त्या फ्यूजवर चालणारे कप्लर एकेक करून सोडवत जावे: हॉर्न, ब्रेक स्विच, मागचा दिवा, इंडिकेटर. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो, त्या क्षणी सोडवलेल्या फांदीतच शॉर्ट असतो. फ्यूज फक्त ब्रेक दाबल्यावर किंवा फक्त खड्ड्यात उडत असेल, तर ती कृती बल्ब लावून मुद्दाम करून पाहावी. मागच्या मडगार्डखालून जाणारी वायर टायरला घासून उघडी पडणे हे याचे वारंवार आढळणारे कारण आहे.

इंडिकेटर एका बाजूला फार भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. दोन्ही बाजूंना तसे होत असेल आणि गाडीला बाजारातले एलईडी इंडिकेटर लावलेले असतील, तर बिघाड नाहीच. जुना फ्लॅशर भारावर चालतो आणि एलईडी तेवढा भार देत नाहीत. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवला की काम होते.

चार्जिंग होत नसेल तर क्रम

येथे सर्वांत महाग चूक होते, म्हणून क्रम मोडू नये. इंजिनाच्या डाव्या किंवा उजव्या आवरणातून वर येणारा, बहुतेक तीन-फेज गाड्यांत एकाच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तीन वायरींचा कप्लर शोधावा. तो उघडताच जळकी, काळसर पिन दिसली तर तपास तिथेच संपू शकतो. इंजिन बंद असताना ओहमवर मीटर ठेवून कॉइलकडच्या (इंजिनात वीज तयार करणाऱ्या गुंडाळीकडच्या) तीन वायरी दोन-दोन करून मोजाव्यात. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा आणि सहसा १ ओहमच्या आत असावा. मीटरच्या काड्या एकमेकींना लावल्यावर जे ०.२ किंवा ०.३ दिसते ते वजा करावे. मग प्रत्येक वायर आणि इंजिनाचा धातू यांच्यात मोजावे. तिथे काहीही संबंध आढळता कामा नये. आढळला तर कॉइल शॉर्ट आहे.

ओहमवर चांगली दिसणारी कॉइलही गरम झाल्यावर दगा देते, म्हणून इंजिन सुरू करून, मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून, ४,००० ते ५,००० फेऱ्यांवर त्याच तीन जोड्या पुन्हा मोजाव्यात. येथे दाब बऱ्यापैकी जास्त असतो, त्यामुळे उघड्या पिनांना हात लावू नये. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण तिन्ही आकडे सारखे असणे महत्त्वाचे. दोन ५५ आणि एक १८ असे दिसले तर कॉइल गेली. तिन्ही सारखे असूनही बॅटरीवर दाब वाढत नसेल तर आरआर युनिटपासून बॅटरीपर्यंतच्या दोन वायरी मागे सांगितलेल्या पद्धतीने मोजाव्यात, आणि त्या चांगल्या निघाल्यावरच आरआर युनिट बदलावे. अतिरिक्त चार्जिंग होत असेल तेव्हाही आधी त्या युनिटचे अर्थिंग आणि दाब ओळखणारी वायर पाहावी, कारण त्या वायरीत वाटेतच दाब हरवत असला तर युनिट बिचारे बॅटरी उतरली आहे असे समजून दाब वाढवत राहते.

चार्जिंग उत्तम आणि तरीही तीन-चार दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर करंट गुपचूप झिरपत आहे. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण वायर काढावी आणि मीटर १० अँपिअरच्या जागेवर, लाल काडी त्या वेगळ्या छिद्रात घालून, वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. आकडा काही मिलिअँपिअरच असावा. ५० मिलिअँपिअर दिसले तर ५ अँपिअर-तासाची बॅटरी १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत, रिकामी होईल. जीपीएस ट्रॅकर, अलार्म आणि थेट बॅटरीवरून घेतलेला मोबाइल चार्जर हे नेहमीचे झिरपणारे पाहुणे आहेत. मीटर असा जोडलेला असताना किल्ली चालू करू नये किंवा सेल्फ दाबू नये, आणि काम झाल्यावर लाल काडी मूळ छिद्रात परत घालावी. ती तशीच ठेवून पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला गेल्यास थेट शॉर्ट होतो.

इंजिनाचा पिवळा दिवा आणि एबीएस

इंजिनाचा दिवा सतत लागला म्हणजे अमुक भाग खराब झाला असे ईसीयू सांगत नाही. एखाद्या वायरीवर येणारा दाब अपेक्षित मर्यादेबाहेर गेला, एवढेच ते सांगत असते. या भेदामुळे कोड वाचून लगेच सेन्सर मागवणारा माणूस अर्ध्याहून अधिक वेळा पैसे वाया घालवतो, असे माझे मत आहे.

होंडाच्या अनेक इंजेक्शन मॉडेलांत दिव्याच्या लुकलुकण्यातूनच कोड वाचता येतो: लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे १२, अर्थात इंजेक्टर. सात आखूड म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटलचा, नऊ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, आणि दोन लांब व एक आखूड म्हणजे २१, ऑक्सिजन सेन्सर. इतर बहुतेक गाड्यांत स्कॅनर जोडावा लागतो. नव्या गाड्यांत सहा पिनांचा कप्लर सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे असतो आणि मोटारीच्या स्कॅनरला त्यासाठी वेगळी जोडवायर लागते.

कोड मिळाल्यावर किल्ली बंद करून त्या सेन्सरचा कप्लर उघडावा, पिना पाहाव्यात, फवारणीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून सुकवाव्यात. थ्रॉटल सेन्सरला तीन वायरी असतात: एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थिंग आणि एक संदेशाची. कप्लर जोडलेला ठेवून, मागून बारीक टाचणी घालून संदेशाच्या वायरीवर मोजल्यास थ्रॉटल बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट दिसतो आणि मूठ फिरवताना तो न अडखळता वाढत जातो. मध्येच आकडा पडला तर सेन्सर झिजला आहे. ५ व्होल्टच येत नसतील तर दोष बहुधा सेन्सरमध्ये नसतो. तापमानाच्या सेन्सरचा अडथळा थंड असताना काही हजार ओहम असतो आणि गरम होताना कमी होतो, हे केस सुकवण्याच्या यंत्राने टेबलावरही पाहता येते. सेन्सरच्या वायरीवर बल्बचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये.

एबीएसचा दिवा चालत्या गाडीत विझत नसेल तर साधे ब्रेक काम करतात, फक्त चाक अडकण्यापासूनचे संरक्षण नसते. अलीकडे टायरचे पंक्चर काढले होते का, हा पहिला प्रश्न. चाक काढताना सेन्सरची वायर ताणली जाते किंवा दात असलेली गोल पट्टी वाकते. नसेल तर चाकाजवळच्या सेन्सरच्या टोकावरचा चिखल आणि लोखंडी भुगा कापडाने पुसावा, एबीएसचे फ्यूज पाहावेत आणि बॅटरीचा पहिला आकडा पुन्हा घ्यावा. गाडी मेन स्टँडवर चढवून फक्त मागचे चाक फिरवल्यानेही हा दिवा लागतो, कारण एक चाक फिरते आणि दुसरे स्थिर असते. किल्ली बंद-चालू करून थोडे अंतर चालवल्यावर तो आपोआप विझतो.

सांधे साफ झाल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ थर लावावा. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना पाण्याची धार मीटर, हँडलचे स्विच आणि सीटखालच्या कप्लरांवर थेट मारू देऊ नये. दुरुस्तीनंतर बॅटरीचे चार आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून तो सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवावा. सेवा केंद्रात गाडी न्यावीच लागली तर तो कागद काउंटरवर ठेवावा आणि दोष थंड इंजिनावर येतो की गरम, पावसात की कोरड्यात, हँडल कोणत्या बाजूला असताना, एवढे जॉबकार्डवर लिहून घ्यावे.